कमरेत नस दबली आहे. ऑपरेशन करू की व्यायामावर राहू?

प्रश्न : मी ६८ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. दीड वर्षापासून चालायला लागलं की दहाएक मिनिटांत दोन्ही मांड्या-पोटऱ्या जड होतात, मुंग्या येतात आणि कुठेतरी टेकावंच लागतं. चार मिनिटं बसलं की सगळं गायब. नवल म्हणजे नातवाची बाबागाडी ढकलत असले की बागेला अख्खी फेरी होते. तळपाय मात्र चोवीस तास बधिर असतात. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. एमआरआयमध्ये ‘एल ४–एल ५ला सिव्हिअर कॅनाल स्टेनोसिस’ आणि मणका किंचित पुढे सरकल्याचं आलंय. एका सर्जननी सांगितलं, लवकर ऑपरेशन करून स्क्रू-रॉड टाकू, नाहीतर पाय जातील. दुसरे म्हणाले, व्यायाम करा, ऑपरेशनच्या फंदात पडू नका. मुलगा म्हणतो करून टाक, यजमान म्हणतात कण्याला सुरी लावायची नाही. यात नक्की चांगलं काय?
ता. क. कमरेचा पट्टा दिवसभर बांधलेला असतो. चालेल ना?

उत्तर : नमस्कार ताई,

‘पाय जातील’ हे वाक्य आधी बाजूला काढू. तुमच्या पत्रातली सगळी धास्ती त्यातून आलेली दिसते. कमरेच्या मणक्यातली वाट अरुंद होण्याचा हा आजार सहसा वर्षानुवर्षं रेंगाळणारा असतो. त्रास सौम्य ते मध्यम असेल तर एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांचं बरं चालतं, म्हणजे त्रास आहे तेवढाच राहतो किंवा कमीही होतो. बाकीच्यांचा वाढतो, पण हळूहळू. रातोरात पाय लुळे पडणं दुर्मीळ आहे. दुर्मीळ असलं तरी होतं, म्हणून खुणा लक्षात ठेवा : लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला, बसताना टेकतो तो भाग बधिर होणं, पाऊल उचलता न येऊन चप्पल घसटत चालणं, पायातली ताकद दिवसागणिक कमी होत जाणं. यातलं काही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचं. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. तेव्हा तुमच्यापुढचा प्रश्न चालणं परत कसं मिळवायचं एवढाच आहे, आणि तो सवडीनं सोडवता येतो.

आता त्या बाबागाडीकडे येते. अहवालातल्या ‘सिव्हिअर’ शब्दापेक्षा मला तीच जास्त सांगून गेली. गाडी ढकलताना तुम्ही दांडीवर रेलून कमरेत थोड्या वाकता. मणक्यांच्या कमानी आतून जोडणारा एक पिवळा, लवचीक बंध असतो. वयोमानानं तो जाड होतो, मागचे छोटे सांधे झिजून फुगतात, गादी पुढून फुगते आणि मधली पोकळी आक्रसते. ताठ उभं राहिलं की कमरेचा बाक वाढतो आणि सदऱ्याची बाही वर सरकवल्यावर चुण्या पडाव्यात तसा तो बंध दुमडून आत येतो. पुढे वाकलं की ताणला जातो आणि जागा मोकळी होते. म्हणून बसल्यावर बरं वाटतं, सायकल चालवता येते, आणि चढापेक्षा उतारावर पाय जास्त कुरकुरतात. तुमचं वर्णन या आजाराशी तंतोतंत जुळतं.

तरी दोन गोष्टी तपासून घ्याव्या लागतील. पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, आणि मधुमेहात ते बरंच आढळतं. त्यात नुसतं थांबून उभं राहिलं तरी दुखणं उतरतं. तुम्हाला बसावं लागतं, म्हणजे कल मणक्याकडे आहे. पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. पावलांची नाडी कुणी हातानं तपासली होती का? नसेल तर तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट तळपायांची. मणक्यातल्या दाबामुळे आलेल्या मुंग्या चालण्या-बसण्याबरोबर कमी-जास्त होतात. तुमचे तळपाय बसलेलं असताना, झोपलेलं असतानाही बधिर असतात, आणि दोन्ही सारखेच. हे मधुमेहानं नसांवर केलेल्या परिणामाचं असण्याची शक्यता बरीच आहे. खूप काळ मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी झाल्यानंही असं होतं. हे आताच सांगण्याचं कारण असं की मणक्याच्या ऑपरेशननं हा बधिरपणा जाणार नाही. पुष्कळ जण ऑपरेशननंतर ‘उपयोग झाला नाही’ म्हणतात, तेव्हा पायातले गोळे गेलेले असतात आणि राहिलेला असतो हा बधिरपणा. तो त्या ऑपरेशननं जाणारच नव्हता.

एमआरआयबद्दल थोडं. १९९० साली कसलाही त्रास नसलेल्या लोकांचे कमरेचे एमआरआय काढून बघितले होते. साठीच्या पुढच्यांपैकी २१ टक्क्यांमध्ये ही वाट अरुंद झालेली दिसली. धडधाकट माणसं होती ती. चित्रात अरुंदपणा किती आणि माणसाला त्रास किती, याचं गणित सरळ जुळत नाही. ऑपरेशन चित्राचं करायचं नसतं.

मग तुमचा प्रश्न : चांगलं काय? यावर अभ्यास झाले आहेत, आणि त्यांचं उत्तर दोन्ही सर्जन सांगतात तितकं ठाम नाही. अमेरिकेत १३ केंद्रांमध्ये एक मोठी चाचणी झाली, ‘स्पोर्ट’ नावाची; तिचे दोन वर्षांचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची वाटणी केली : काहींना ऑपरेशन, काहींना बिनऑपरेशनचे उपचार. पण माणसं चिठ्ठीचं ऐकत नाहीत! दोन वर्षांत ऑपरेशनच्या गटातल्या ६७ टक्क्यांनीच ऑपरेशन करून घेतलं, आणि दुसऱ्या गटातल्या ४३ टक्क्यांनीही करून घेतलं. दोन्ही गटांची अशी सरमिसळ झाल्यावर तुलना अवघड होते. प्रत्यक्ष कुणी काय करून घेतलं यावरून हिशेब मांडला तेव्हा ऑपरेशनवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं आणि हालचाल जास्त सुधारलेली दिसली. आठ वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा चिठ्ठीनं वाटलेल्या रुग्णांमध्ये चौथ्या वर्षानंतर ती आघाडी ओसरत गेली होती. चिठ्ठीबाहेर राहून ज्यांनी आपला उपचार स्वतः निवडला होता त्यांच्यात मात्र टिकून होती.

दुसरा अभ्यास २०१५चा. त्यात सगळे १६९ रुग्ण ऑपरेशनला राजी झालेलेच होते. अर्ध्यांना ऑपरेशन दिलं, अर्ध्यांना फिजिओथेरपी : आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, पुढे वाकण्यावर भर असलेले व्यायाम. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या हालचालीत फरक आढळला नाही. हे वाचून दुसऱ्या सर्जनना आनंद होईल. पण व्यायामाच्या गटातल्या ५७ टक्के लोकांनी दोन वर्षांच्या आत ऑपरेशन करून घेतलं होतं, हे ऐकल्यावर पहिल्यांनाही होईल. माझ्या मते त्यातून निघतं ते असं : आधी व्यायामाला खरी संधी दिली म्हणून फार काही बिघडत नाही, चाळीसेक टक्के लोकांचं तेवढ्यावर भागतं, आणि ज्यांचं भागत नाही त्यांना ऑपरेशनचा रस्ता उघडा राहतो.

२०१६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेनं तोवरच्या पाच चाचण्या, ६४३ रुग्ण, एकत्र करून पाहिले. त्यांचं म्हणणं, ऑपरेशन सरस की बाकी उपचार सरस हे या पुराव्यावरून ठरवता येत नाही. मात्र ऑपरेशनच्या बाजूला गुंतागुंतीचं प्रमाण १० ते २४ टक्के होतं आणि दुसऱ्या बाजूला दुष्परिणामांची नोंद नव्हती. या अनिश्चिततेत ‘लगेच करा’ आणि ‘अजिबात नको’ या दोन्हींना आधार नाही. तुमच्या घरात दोन्ही बाजूंनी एवढी खात्री कुठून आली, याची मला गंमत वाटते.

ऑपरेशन नेमकं काय देतं ते पाहा. मागच्या बाजूनं कमानीचा थोडा भाग आणि तो जाड बंध काढून नसांना जागा मोकळी करून देतात. फायदा होतो तो पायांना : चालताना येणारे गोळे, जडपणा, मुंग्या. कंबरदुखीला त्या मानानं कमी. तुमची तक्रार पायांचीच आहे, कमरेबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलेलं नाही, म्हणजे ऑपरेशनचा उपयोग ज्यांना चांगला होतो त्यांच्यात तुम्ही मोडता. आराम व्यायामापेक्षा लवकर मिळतो, काही आठवड्यांत.

यजमानांना एक सांगा. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. चौथ्या-पाचव्याजवळ नसांचा जुडगा असतो. त्यामुळे ‘कण्याला सुरी लागली की अंथरुणाला खिळणार’ ही भीती या ठिकाणी फारच मोठी करून घेतलेली आहे. खरे धोके वेगळे आहेत : नसांभोवतालचं आवरण फाटून पाणी गळणं (‘स्पोर्ट’मध्ये ९ टक्के; बहुतेकदा तिथल्या तिथे शिवून भागतं), जंतुसंसर्ग, पायात गुठळी, भुलेचा हृदयावर ताण. शिवाय आठ वर्षांत सुमारे १८ टक्के लोकांना पुन्हा टेबलावर जावं लागलं. साखर आटोक्यात नसेल तर संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून तीन महिन्यांची सरासरी, एचबीए१सी, आधी हातात हवी.

आणि मुलाला हे : चार-सहा महिने थांबलात तर तुमच्यासारख्या स्थितीत सहसा नुकसान होत नाही, आणि काढलेलं हाड परत बसवता येत नाही. पण थांबणं म्हणजे वर्षानुवर्षं चालढकल नव्हे. त्याच ‘स्पोर्ट’च्या रुग्णांमध्ये ज्यांचा त्रास वर्षाच्या आतला होता त्यांना, उपचार कुठलाही घेतलेला असो, जास्त उतार पडला होता. तुमचं दीड वर्ष झालंय.

तुमच्या पत्रात मी सर्वांत जास्त अडखळले ती ‘स्क्रू-रॉड’वर. ऑपरेशन करायचं की नाही यावर घरात एवढा खल झाला, पण कोणतं करायचं हे कुणी विचारलेलं दिसत नाही. नसा मोकळ्या करणं हे एक ऑपरेशन, आणि त्यासोबत मणके स्क्रूनं जखडून टाकणं हे बरंच मोठं, वेगळं ऑपरेशन. पूर्वी मणका सरकलेला दिसला की जखडायचाच, अशी पद्धत होती. २०१६ मध्ये स्वीडनमधली २४७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्याहून जास्त जणांचा मणका सरकलेला होता. दोन वर्षांनी नुसत्या नसा मोकळ्या केलेले आणि जखडलेले, दोघांची स्थिती सारखीच. २०२१ मध्ये नॉर्वेत मणका सरकलेल्याच २६७ रुग्णांवर झालेल्या चाचणीतही जखडल्याशिवायचं ऑपरेशन मागे पडलं नाही. २०१६ मध्येच एका छोट्या अमेरिकी चाचणीनं जखडण्याच्या बाजूनं थोडा कौल दिला होता, तेव्हा हा वाद पूर्ण मिटलाय असं म्हणणार नाही. पण धोक्याचा फरक मोठा आहे. अमेरिकेतल्या वयस्क रुग्णांच्या सरकारी नोंदींवरून २०१० मध्ये आलेल्या अभ्यासात जिवावर बेतणारी गुंतागुंत नुसत्या मोकळं करण्यात २.३ टक्के होती आणि मोठ्या, गुंतागुंतीच्या जखडण्यात ५.६ टक्के.

म्हणून सर्जनना सरळ विचारा : माझा मणका हलतो आहे का? उभं राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्स-रेवरून ते कळतं. झोपून काढलेल्या एमआरआयवरून नाही. हलत नसेल तर स्क्रू कशासाठी? हाडांची घनता मोजली का? या वयात बायकांची हाडं ठिसूळ झालेली असतात आणि ठिसूळ हाडात स्क्रू सैल पडतात. हे प्रश्न विचारल्यावर डॉक्टर शांतपणे समजावून सांगत असतील तर ठीक. चिडत असतील तर ते ऑपरेशनसाठी योग्य डॉक्टर नाहीत, मग हात कितीही सफाईदार असो.

व्यायामाचं आता. दुसऱ्या डॉक्टरांनी ‘व्यायाम करा’ म्हटलं, पण कोणता ते सांगितलं का? चार चित्रांचा झेरॉक्स कागद हातात देणं याला मी उपचार म्हणत नाही. तुम्हाला हवे ते पुढे वाकण्याच्या अंगाचे : पाठीवर झोपून एक-एक करत आणि मग दोन्ही गुडघे छातीशी घेणं, झोपल्या झोपल्या पोट आत ओढून कंबर जमिनीला टेकवणं, नितंब आणि पोटाचे स्नायू बळकट करणं, मांडीच्या पुढचे आखडलेले स्नायू सैल करणं. भुजंगासनासारखी मागे वळायची आसनं टाळा. कुणी कितीही ‘कंबरेला चांगलं’ म्हणून सांगितलं तरी या आजारात त्यांनी जागा आणखी आवळते. हाडांची तपासणी होईपर्यंत उभ्यानं झटके देत पायाचे अंगठे धरायलाही जाऊ नका.

दम वाढवण्यासाठी स्थिर सायकल, पुढे थोडं रेलून. आणि चालणं तुकड्या-तुकड्यानं : दहाव्या मिनिटाला पाय भरून येत असतील तर सातव्याला बसा, दोन मिनिटांनी पुन्हा उठा. असे तीन-चार तुकडे रोज. दुखणं अंगावर काढत चाललात तर दुसऱ्या दिवशी चालावंसंच वाटत नाही, आणि सगळं तिथेच फिसकटतं. पहिले सहा आठवडे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, पुढचे सहा घरी. भिंतीवर कॅलेंडर असेल तर त्यावर एवढंच लिहा की पहिल्यांदा बसेपर्यंत किती मिनिटं चाललात. शिक्षिका आहात, नोंदवही नीट ठेवाल.

गोळ्या-इंजेक्शनांबद्दल थोडक्यात. दुखण्याच्या गोळ्या मधुमेहात मूत्रपिंडाला जड जातात. अधूनमधून, डॉक्टरांना विचारूनच. नसांसाठी म्हणून ज्या गोळ्या देतात त्यांचा या आजारात फारसा उपयोग दिसलेला नाही, आणि चक्कर येऊन पडायला होतं. मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर, २०१४ मध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांनी स्टेरॉइडसह भुलेचं औषध आणि नुसतं भुलेचं औषध यांत जवळपास फरक नव्हता. तुमची साखर मात्र त्यानं काही दिवस चढेल. मी तुमच्या जागी असते तर घेतलं नसतं.

माझं मत विचाराल तर : नाडी, बी-१२, एचबीए१सी, हाडांची घनता आणि वाकून काढलेले एक्स-रे या तपासण्या या महिन्यात उरका. सोबत तीन महिने खरा व्यायाम, पहिले सहा आठवडे देखरेखीखाली. तुम्हाला कुठवर चालता आलं म्हणजे पुरे, हे आजच ठरवा, मुलानं किंवा यजमानांनी नव्हे. कुणाला घरातल्या घरात वावरता आलं तरी चालतं, कुणाला रोज तासभर फिरल्याशिवाय जगणं अळणी वाटतं. तीन महिन्यांनी आकडा तुमच्या ठरवलेल्या खुणेकडे सरकत असेल तर तसंच पुढे चालू ठेवा. जागचा हलला नसेल तर ऑपरेशन करून घ्या, आणि व्यायामात आपण कमी पडलो असं मनात आणू नका. फक्त नसा मोकळ्या करणारं शक्य आहे का, हे आधी विचारून.

आणि पट्टा. दिवसभर बांधून ठेवला की पोटा-पाठीचे स्नायू ढिले पडतात, आणि तुम्हाला तर ते कमवायचे आहेत. चालायला बाहेर पडताना किंवा ओट्याशी बराच वेळ उभं राहायचं असेल तेव्हा बांधा, परत आल्यावर काढून ठेवा. इतके दिवस सवय झाली असेल तर एकदम सोडू नका, रोज अर्धा-अर्धा तास कमी करत आणा.